शिडी धरायला माणूस हवाच

मे महिना सरत आला की कौलारू घरांची शाकारणी, पन्हळी साफ करणे, टाकी धुणे अशी कामे निघतात. मजुरी वाचावी म्हणून साठीकडे झुकलेला घरचा कर्ताच शिडी चढतो. आठ-दहा फूट उंची त्याला किरकोळ वाटते. पण तेवढ्यावरून पायांवर पडले, तरी टाचेचे हाड आणि कमरेचा मणका एकाच वेळी मोडू शकतो. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर डोक्याच्या साध्या मारानेही मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो.

चार फूट उंचीला एक फूट, या हिशेबाने शिडीचा पाया भिंतीपासून दूर हवा. बारा फुटांवर टेकली, तर तीन फूट. जमीन कोरडी, सपाट हवी. विटांचे टेकू नकोत. ज्याला चक्कर येते, त्याने चढूच नये. खाली शिडी धरणाराही हवाच, आणि तो मोबाइल बघत उभा असू नये.

पडलेल्या माणसाला ओढून उठवू नये, पाणी पाजू नये. हलवाहलव न करता १०८ला फोन करावा. एका दिवसाच्या मजुरीपायी घरचा कर्ता कित्येक महिने अंथरुणावर पडणे, ही बचत नव्हे.