पोट भरते, पण ताट अपुरेच

‘सकस आहार घ्या’ हा सल्ला सरकारी दवाखान्याच्या भिंतीपासून मोबाइलवरच्या चित्रफितींपर्यंत सगळीकडे मिळतो. सल्ला बरोबरच आहे. पण तो पाळायला महिन्याला किती पैसे लागतात, हे सहसा कोणी सांगत नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये जाहीर केलेली आहारविषयक मार्गदर्शक तत्त्वे हाताशी घेतली, तर तो हिशेब मांडता येतो.

दिवसाला २,००० कॅलरी लागणाऱ्या व्यक्तीसाठी संस्था २५० ग्रॅम धान्य, ४०० ग्रॅम भाज्या, १०० ग्रॅम फळे, ३०० मिलिलिटर दूध आणि ८५ ग्रॅम डाळी, अंडी किंवा मांस सुचवते. तेल आणि शेंगदाण्यासारख्या तेलबिया वेगळ्या. चौघांच्या कुटुंबाला हे प्रमाण लावून पाहू. डाळ १२० रुपये किलो, भाजी ४० रुपये, फळे ८० रुपये आणि दूध ६० रुपये लिटर असे साधारण भाव धरले, तर महिन्याला डाळीचे सुमारे १,२२५, भाजीचे १,९२०, फळांचे ९६० आणि दुधाचे २,१६० रुपये होतात. बेरीज जाते सव्वासहा हजारांच्या घरात. घरात लहान मुले असतील तर आकडा थोडा खाली येईल, इतकेच. महाराष्ट्रात २०२५-२६ साठी रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये ठरली. म्हणजे वीस दिवसांची मजुरी या चार वस्तूंवरच संपते. तेल, गॅस, घरभाडे, औषधपाणी, मुलांची शाळा यांचा हिशेब अजून व्हायचाच आहे.

हे चित्र मोजक्या घरांपुरते नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने इतर संस्थांसह काढलेल्या २०२४ च्या अहवालानुसार, २०२२ मध्ये भारतातील ५५.६ टक्के लोकांना सकस आहार परवडत नव्हता. मोजण्याची पद्धत बदलली की हा आकडा वरखाली होतो. तरी अर्धा देश या रेषेच्या आसपास आहे, हे त्यातून दिसते.

पैसे अपुरे पडले की घरातली बाई आधी कशाला कात्री लावते? भाताला किंवा चपातीला नाही. आधी फळे जातात, मग दूध चहापुरते उरते, वरण पातळ होते आणि भाजीत बटाटा वाढतो. पोट भरते, पण शरीराला लागणारे घटक मिळत नाहीत. धान्यातल्या प्रथिनांत लायसिन हे अमिनो आम्ल कमी असते. डाळीत ते भरपूर असते, म्हणून वरण-भात ही जोडी उपयोगाची ठरते. पालेभाजीतले लोह अंगी लागायला लिंबू, पेरू, आवळा यांतले क जीवनसत्त्व मदत करते. ब-१२ जीवनसत्त्व तर दूध, अंडी, मासे, मांस यांतूनच मिळते. ताटातून नेमके हेच पदार्थ गळतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातल्या ५४ टक्के महिलांमध्ये रक्तक्षय आढळला, त्यामागचे हे एक मोठे कारण. भारतीयांच्या आहारातील सुमारे ६२ टक्के कॅलरी कर्बोदकांतून येतात, असे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी अभ्यासाने दाखवले. त्यामुळे मधुमेह ही केवळ श्रीमंतांची व्याधी उरलेली नाही.

सरकारी मदत मात्र अजून धान्याभोवतीच फिरते. अन्न सुरक्षा कायद्याखाली सुमारे ८१ कोटी लोकांना, बहुतेकांना माणशी महिना ५ किलो, मोफत धान्य मिळते. या धान्याने भूक रोखली, याबद्दल दुमत नसावे. पण भरड्या कॅलरी स्वस्त झाल्या आणि डाळ-भाजी बाजारभावावर सोडली गेली. त्यात पाच रुपयांचा बिस्किटपुडा दारातल्या दुकानात मिळतो आणि मुलाला तेवढ्यापुरता गप्प करतो. तेवढ्याच पैशांत एक अंडेही येत नाही.

असे असताना राज्याने उलट पाऊल टाकले. शालेय पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडे देण्याचा निर्णय नोव्हेंबर २०२३ मध्ये झाला. जानेवारी २०२५ मध्ये त्याचा निधी थांबवून लोकवर्गणीतून सोय करण्याचा मार्ग शाळांना सुचवण्यात आला. ज्या गावात पालकांनाच अंडे परवडत नाही, तिथे वर्गणी कोण देणार? तमिळनाडूतील शाळांत आठवड्याचे पाच दिवस अंडे मिळते. तिथल्या रेशन दुकानांत तूरडाळ आणि पामतेलही सवलतीच्या दरात मिळते.

आपल्याकडे हे जमणार नाही, असे म्हणता येत नाही. २०२२ च्या दिवाळीत ‘आनंदाचा शिधा’ म्हणून शंभर रुपयांत रवा, साखर, चणाडाळ आणि तेल याच रेशन दुकानांतून वाटले गेले. वाटपाला उशीर झाल्याच्या तक्रारी आल्या, पण वस्तू पोहोचल्या. सणापुरती दिलेली डाळ आणि तेल दर महिन्याला देणे हा खर्चाचा आणि प्राधान्याचा प्रश्न आहे.

घरोघरी काही करता येतेच. हंगामी पालेभाजी, मोड आलेली मटकी, पिठले-भाकरी, शेंगदाण्याचा कूट, वरणावर लिंबू हे तुलनेने स्वस्त आणि चांगले उपाय आहेत. पण वीस दिवसांच्या मजुरीची तूट लिंबू पिळून भरून निघत नाही. पुढच्या वेळी सकस आहाराचा फलक लावताना, तो आहार रेशनच्या पिशवीत किती आला, हेही शासनाने त्यावर लिहावे.