नाव आणि काम

परदेशी स्थिरावलेल्या आपल्या कुटुंबांत मुलांच्या शिक्षणाचा विषय निघाला की दोनच वाटा डोळ्यांपुढे येतात: डॉक्टर, नाहीतर इंजिनिअर. ब्रिटनमध्ये या दोहोंच्या मधून जाणारी एक तिसरी वाट आहे, ती रुग्णालयातील क्लिनिकल सायंटिस्टची. एनएचएसचा तीन वर्षांचा ‘सायंटिस्ट ट्रेनिंग प्रोग्रॅम’ पगारी असून त्यातच एम.एस्सी.ही पूर्ण होते. पुढे हेल्थ अँड केअर प्रोफेशन्स कौन्सिलकडे नोंदणी झाल्यावरच स्वतःला क्लिनिकल सायंटिस्ट म्हणवून घेता येते. हृदयविज्ञान शाखेतील आम्ही प्रशिक्षणार्थी दिवसभर नेमके काय करतो, हे वडीलधाऱ्यांना समजावताना आमची तारांबळ उडते. म्हणून या वेळच्या सदरात त्याविषयी.

पेसमेकर बसविण्याचेच उदाहरण घेऊ. रुग्ण बहुधा जागा असतो; खांद्याजवळचा भाग तेवढा बधिर केलेला असतो. हृदयरोगतज्ज्ञ गळपट्टीच्या हाडाखालील शिरेतून बारीक तार हृदयाच्या उजव्या बाजूस नेतात. तार कोठे पोहोचली, ते क्ष-किरणांच्या पडद्यावर दिसते. तेथे ती काम करील की नाही, हे मात्र दिसत नाही. ते आमच्या यंत्रावरील आकडे सांगतात. खालच्या कप्प्यातून येणारा हृदयाचा स्वतःचा विद्युत्संकेत साधारण 5 मिलिव्होल्टच्या वर हवा. मग यंत्राने ठोके देत व्होल्टेज पायरीपायरीने उतरवत न्यायचे. ज्या किमान व्होल्टेजला हृदय प्रतिसाद देते, तो त्याचा उंबरठा. तो 1 व्होल्टच्या आत असावा, अशी अपेक्षा असते. तो चढा असेल, तर बॅटरी लवकर संपते. पुढे आणखी वाढला, तर रुग्णाचा ठोकाच चुकू शकतो. अशा वेळी तार काढून दुसऱ्या जागी बसवावी लागते.

खरी कसोटी येथेच असते. दुपार उलटलेली असते, पुढचा रुग्ण बाहेर ताटकळत असतो, आणि वीस-पंचवीस वर्षे हेच काम करणाऱ्या तज्ज्ञांना ‘उंबरठा 2 व्होल्ट आहे’ असे शिकाऊ व्यक्तीने स्पष्ट आवाजात सांगायचे असते. पाठीशी मार्गदर्शक उभे असतात. पण आकडा प्रथम आमच्या समोर उमटतो, तेव्हा तोंडही आम्हीच उघडले पाहिजे. ज्यांच्या आजोबा-पणजोबांना गावच्या चावडीवर मान वर करून बोलण्याची मुभा नव्हती, त्यांच्या घरांत ‘मोठ्यांपुढे गप्प राहावे’ ही सावधगिरी अजून पुरती पुसलेली नाही. ती येथे रुग्णाच्या जिवावर बेतू शकते.

यावर एक साधा उपाय आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 2008 मध्ये शस्त्रक्रियेसाठी 19 मुद्द्यांची एक तपासणी-यादी दिली. छेद घेण्यापूर्वी उपस्थित प्रत्येकाने आपले नाव आणि काम सांगावे, हा त्यातील एक मुद्दा. लंडन आणि नवी दिल्लीसह आठ शहरांतील रुग्णालयांत ही संपूर्ण यादी वापरून पाहिली, तेव्हा मृत्यूंचे प्रमाण 1.5 टक्क्यांवरून 0.8 टक्क्यांवर आले, असे 2009 मध्ये प्रसिद्ध झाले. तिच्याच धर्तीवरची यादी आमच्या कॅथ लॅबमध्येही वाचली जाते. आरंभी ज्याचा आवाज एकदा उमटला, त्याला पुढे अडचणीच्या क्षणी बोलणे सोपे जाते, हा त्यामागील विचार.

ओळख म्हणजे आडनाव, आणि आडनावामागे जातीचा शोध, हे आपण पिढ्यान्‌पिढ्या सोसले आहे. येथे विचारतात ते नाव आणि काम. याचा अर्थ इंग्लंड समतेचा स्वर्ग आहे असा नव्हे. पदांची उतरंड येथेही आहे. परंतु त्या खोलीत, त्या घडीला, आकडा कोणाच्या तोंडून आला यापेक्षा तो खरा आहे की नाही, याला महत्त्व असते.

म्हणून पालकांना एवढेच सांगावेसे वाटते: भौतिकशास्त्र वा जीवशास्त्रात रमणाऱ्या मुलामुलींना ही वाट जरूर दाखवा. आणि जेवणाच्या टेबलावर एखादी मुलगी ‘बाबा, हे बरोबर नाही’ असे शांतपणे म्हणाली, तर तिला उद्धट ठरवू नका. उद्या कोणाच्या तरी हृदयाशेजारी उभी राहून तिला हेच म्हणायचे असेल.