उसातले भूत आणि उसाचा हिशेब

भयपटाला अंधार लागतो आणि पडका वाडा लागतो, असा मराठी प्रेक्षकांचा दीर्घकाळ समज होता. २०१७ साली प्रदर्शित झालेल्या विशाल फुरिया दिग्दर्शित 'लपाछपी' या मराठी चित्रपटाने तो मोडला आणि भयाला उसाच्या शेतात, तेही पुष्कळदा दिवसाउजेडी, आणून बसविले. शहरातून आलेली गर्भवती तरुणी, चहूबाजूंनी पुरुषभर वाढलेला ऊस, मधोमध एकाकी घर आणि उसात लपाछपी खेळणारी मुले, एवढ्या सामग्रीवर हा चित्रपट उभा आहे. त्याच दिग्दर्शकाने २०२१ मध्ये 'छोरी' या नावाने त्याची हिंदी आवृत्ती केली आणि २०२५ मध्ये तिचा दुसरा भागही आला.

बारामती आणि इंदापूर तालुक्यांतील प्रेक्षकाने या चित्रपटाकडे पाहताना एक प्रश्न स्वतःला विचारायला हवा. १८८५ च्या सुमारास नीरा डाव्या कालव्याचे पाणी या भागात आले. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर, बिजवडी येथे साखर कारखाने उभे राहिले. उसाने या तालुक्यांना बंगले दिले, शिक्षणसंस्था दिल्या, राज्याच्या राजकारणात वजन दिले. येथील बागायतदाराला ऊस म्हणजे भय नव्हे. ऊस म्हणजे प्रतिष्ठा. मग या उसात भिण्यासारखे कोणाला आणि काय आहे? भयपटात बाई कशी दाखविली जाते, या प्रश्नाचे खरे उत्तर याच प्रश्नाच्या वाटेने जाते.

प्रथम या चित्रपटजातीचे अर्थकारण पाहू. सुरा घेऊन एकामागून एक माणसे मारीत जाणाऱ्या खुन्याचा जो चित्रपटप्रकार अमेरिकेत रुजला, त्याचा मूळ पुरुष १९६० चा हिचकॉकचा 'सायको' मानला जातो. १९७८ च्या 'हॅलोवीन'ने त्याला धंद्याचे रूप दिले. सुमारे तीन लाख डॉलर खर्चून केलेल्या या चित्रपटाने कोट्यवधी डॉलर मिळविले. मोठे नट नकोत, भव्य देखावे नकोत. एक घर, एक सुरा आणि भेदरलेल्या तरुणी पुरेशा. भय हा विकाऊ माल ठरला आणि स्त्रीचे शरीर हा त्याचा सर्वांत स्वस्त कच्चा माल ठरला. या चित्रपटांतून पुरुषही मरतात. पण पुरुषाचे मरण झटपट उरकले जाते आणि स्त्रीचे मरण रेंगाळत दाखविले जाते. कॅरल क्लोव्हर या अमेरिकन विदुषीने १९८७ साली 'शेवटची मुलगी' ही कल्पना मांडली. सर्व मेल्यावर एकटी उरून खुन्याशी झुंजणारी ही मुलगी बहुधा संयमी आणि सोवळी असते. जगण्याचा हक्क तिला चारित्र्याचे प्रमाणपत्र दाखवून मिळवावा लागतो.

याहून लक्षणीय गोष्ट खुन्याविषयीची आहे. 'सायको'तला खुनी आईची वस्त्रे नेसून खून करतो. १९८० च्या 'फ्रायडे द थर्टीन्थ'मध्ये खून करणारी शेवटी एक आईच निघते. मराठी मातीतली कथा सांगणाऱ्या २०१८ च्या 'तुंबाड'मध्ये साखळदंडाने बांधलेली शापित आजी आहे. 'लपाछपी'तही भयाचा मुख्य भार उषा नाईक यांनी समर्थपणे उभ्या केलेल्या तुळसाबाईवर आहे. बळी तरुण बाई आणि अपराधी म्हातारी बाई, असा हा खेळ वारंवार मांडला जातो. पुरुष त्यात असतात. पण ज्या व्यवस्थेचा लाभ त्यांना मिळतो, ती व्यवस्था मात्र पडद्याच्या कडेला राहते.

हे केवळ परदेशाचे अनुकरण आहे, असे म्हणून सुटका होणार नाही. आपल्या लोकसमजुतींतही त्याची मुळे आहेत. बाळंतपणात वा गर्भारपणात मेलेल्या स्त्रीची हडळ होते, अळवंतीण होते, असे मराठी मुलखात पिढ्यान्‌पिढ्या मानले गेले. सुईण वेळेवर पोचली नाही, अंगावर रक्त नव्हते, मरेपर्यंत दळणकांडण सुटले नाही, ही मरणाची कारणे विस्मरणात गेली आणि मेलेली बाईच गावाला धोका ठरली. जिच्यावर अन्याय झाला तिलाच भिण्याची ही रीत म्हणजे समाजाने स्वतःच्या अपराधाला दिलेली बगल होय. रामसे बंधूंच्या १९८४ च्या 'पुराना मंदिर'मध्येही शाप आहे तो राजघराण्यातल्या स्त्रीने बाळंतपणात मरण्याचाच. पाप कोणत्या पूर्वजाचे, सूड कोणाचा, आणि प्रायश्चित्त मात्र प्रसूतीच्या खाटेवर!

या परंपरेच्या तुलनेत 'लपाछपी' निःसंशय पुढे आहे. मुलगा हवा या हट्टापायी मारल्या गेलेल्या मुली हा त्याचा विषय आहे. पूजा सावंत यांनी साकारलेली नेहा ही नुसती किंचाळणारी बाहुली नाही. ती आपल्या पोटातल्या जिवासाठी उभी ठाकते. भूत येथे अन्यायग्रस्ताचे आहे आणि प्रेक्षकाची सहानुभूतीही त्याच्याकडे जाते. करमणुकीच्या चित्रपटाने एवढे केले, हे थोडे नाही.

तथापि चित्रपट जेथे थांबतो तेथे विचाराने थांबून चालणार नाही. गर्भलिंग तपासणीवर बंदी घालणारा कायदा देशात सर्वप्रथम महाराष्ट्राने १९८८ साली केला. तो स्त्री चळवळीच्या लढ्याचे फळ होता. केंद्राचा कायदा १९९४ मध्ये आला. असे असूनही २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांखालील दर हजार मुलग्यांमागे मुलींची संख्या राज्यात ८९४, पुणे जिल्ह्यात ८८३ आणि बीड जिल्ह्यात अवघी ८०७ होती. हे आकडे एखाद्या एकाकी घरातल्या अंधश्रद्ध म्हातारीने घडविलेले नाहीत. त्यांच्यामागे सोनोग्राफीचे यंत्र आहे, ते चालविणारा पदवीधर आहे, जमिनीची वाटणी होऊ नये म्हणून हिशेब करणारे कुटुंब आहे आणि मुलीच्या लग्नाचा खर्च व हुंडा आहे. अपराध अडाण्यांच्या आडगावात ढकलला की शिकलेल्या, बागायती, मोटारीतून फिरणाऱ्या महाराष्ट्राला निर्धास्तपणे घाबरून घेता येते. भय आपल्याला वाटते, दोष दुसऱ्याचा असतो.

आता उसाकडे पुन्हा वळावे. दसऱ्यानंतर बीड, अहिल्यानगर आणि अन्य दुष्काळी भागांतून तोडणी कामगारांच्या टोळ्या पुणे जिल्ह्यातल्या कारखान्यांच्या परिसरात उतरतात आणि हंगाम संपेपर्यंत कोप्यांतून राहतात. या धंद्यात नवराबायको मिळून एक 'कोयता' होतो. मुकादमाकडून उचल घेतलेली असते ती या जोडीवर. एकाने एक दिवस काम चुकविले तर खाड्यापोटी पैसे कापले जातात. २०१९ च्या सुमारास ही रक्कम दिवसाला पाचशे रुपयांपर्यंत असल्याचे प्रसिद्ध झाले होते. बाई पहाटे उठून चूल पेटविते, दिवसभर फडात राबते, डोक्यावर मोळ्या वाहते आणि अपरात्री गाडी आली तर ती भरायलाही उठते. मासिक पाळी, गर्भारपण, बाळंतपण यांना या हिशेबात स्थान एकच, आणि ते म्हणजे खाडा.

या हिशेबाचा शेवट कोठे होतो, हे २०१९ साली उघड झाले. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या पाहणीत बीड जिल्ह्यातल्या ८२ हजारांहून अधिक ऊसतोड स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक स्त्रियांचे गर्भाशय काढलेले आढळले. त्यांतल्या अनेकींनी चाळिशीही गाठलेली नव्हती. चित्रपटातल्या खुन्याच्या हाती सुरा असतो. येथे शस्त्र कायदेशीर होते, खर्चासाठी बहुधा कर्ज होते आणि शस्त्रक्रियेनंतर पुन्हा फड होता. आणि येथेही दोष बायकांच्याच अज्ञानावर टाकण्याचा मोह अनेकांना झाला. पडद्यावरची रीत प्रत्यक्षातही तीच: बळी बाई, आणि अपराधीही बाईच. मुकादमाची वही, कारखान्याचा ताळेबंद आणि दवाखान्याचे बिल हे पडद्याच्या कडेलाच राहतात.

कोणी म्हणेल की भयपट ही दोन घटकांची करमणूक. तिच्याकडून श्रमशास्त्राचा ग्रंथ का मागावा? आक्षेप अगदीच निराधार नाही. भयपटावर बंदीची मागणी कोणी करू नये. सेन्सॉरच्या कात्रीने कोणत्याही बाईचे भले झालेले नाही. भय ही प्रामाणिक भावना आहे आणि दडपलेले सत्य पुष्कळदा तिच्याच वाटेने वर येते. 'लपाछपी'तल्या मुलांचे खिदळणे कानात राहते ते त्यामुळेच. परंतु कोणाला भ्यावे हे ज्या कलाकृती शिकवितात, त्यांना कोणाला भिणे तुम्ही टाळलेत, हेही विचारले पाहिजे. प्रश्न कलेच्या स्वातंत्र्याचा नाही, तिच्या दृष्टीचा आहे.

म्हणून दोन गोष्टी बारामती आणि इंदापूर येथे होण्यासारख्या आहेत. महाविद्यालयांतून असे चित्रपट जरूर दाखवावेत. पण त्यानंतरच्या चर्चेत तोडणी कामगार स्त्रियांना बोलवावे, आणि त्या बोलतील ते विद्यार्थ्यांनी मान खाली घालून लिहून घ्यावे. दुसरी गोष्ट अधिक कठीण आहे. कारखान्यांच्या वार्षिक सभांतून उसाच्या दरावर तासन्‌तास भांडणाऱ्या सभासदांनी एक ठराव तेवढ्याच जोराने मांडावा: तोडणी स्त्रीला पाळीच्या, आजारपणाच्या आणि बाळंतपणाच्या दिवसांचा खाडा लागणार नाही, त्या दिवसांची भरपाई कारखाना देईल, आणि तळावर पाणी, आडोसा व दवाखाना यांची जबाबदारी मुकादमावर न ढकलता कारखानाच घेईल. सहकार हा शब्द ज्या तालुक्यांनी अभिमानाने मिरविला, त्यांना हा खर्च जड वाटू नये.

हडळीची भीती शहाण्यांना राहिलेली नाही, आणि ते योग्यच झाले. पण तिच्या मरणाची कारणे उसाच्या फडात अद्याप शिल्लक आहेत, आणि ती दूर करण्यासाठी कोणत्याही मांत्रिकाची गरज नाही. ठराव आणि तरतूद यांनी ती दूर होण्यासारखी आहेत.