घरातील कुलूप

गेल्या वर्षी दहावीच्या निकालादिवशी शहापुरातील एक विणकर पालक आमच्या दारी आले. "गुरुजी, पोरगा सकाळपासून बोलत नाही, जेवत नाही. कसं समजावू?" आम्ही म्हणालो, "समजावणे मागाहून. आधी माळ्यावरचे शेतीचे औषध घराबाहेर हलवा, आणि मग त्याच्याजवळ बसा."

त्यांना नवल वाटले. परंतु जीव नकोसा करणारी लाट पुष्कळदा थोड्या वेळात ओसरते; तेवढ्या अवधीत घातक वस्तू हाताशी नसणे, हेच मोठे रक्षण. श्रीलंकेने १९९५ पासून अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी घातली. पुढील दोन दशकांत तेथील आत्महत्यांचे प्रमाण सुमारे ७० टक्क्यांनी घटले.

म्हणून वाचकहो, फवारणीची औषधे कुलपात ठेवावीत, किल्ली एका जाणत्याकडेच असावी, उरलेल्या गोळ्या साठवू नयेत. मात्र कुलूप लावले म्हणजे आपले कर्तव्य संपले, असे नव्हे. 'जीव द्यावासा वाटतो का?' असे मायेने, पण सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार मनात रुजत नाही. शासनाच्या टेलि-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस विनामूल्य सल्ला मिळतो.

तो मुलगा पुढच्या परीक्षेत उत्तीर्ण झाला. ती बाटली मात्र त्या घरात परत गेली नाही.