नकार द्यायचा तर कारण लेखी द्या!

हक्क कायद्यात लिहिला म्हणजे मिळाला, असे मानणाऱ्यांनी युरोपातील ‘एस-२’ नावाचा कागद समजून घ्यावा. युरोपीय संघातील नागरिकाला ठरवून दुसऱ्या सदस्य देशात उपचार घ्यायचे असतील, तर त्याने आधी आपल्या सरकारी आरोग्य विम्याची परवानगी घ्यायची. ती परवानगी म्हणजे ‘एस-२’. हा कागद हाती असला की परदेशातील सरकारी व्यवस्थेत त्याला तिथल्या विमाधारकासारखेच वागवले जाते आणि खर्च त्याच्या देशाची संस्था भरते. ज्या उपचारावर स्वदेशात त्याचा हक्क आहे, पण जो त्याच्या प्रकृतीचा विचार करता वेळेत मिळत नाही, त्याची परवानगी नाकारता येत नाही.

पण ‘वेळेत’ म्हणजे किती, हे ठरवणार कोण? मेख इथेच आहे. इंग्लंडमधील बेडफर्डच्या एका वृद्ध महिलेला खुब्याची शस्त्रक्रिया हवी होती. प्रतीक्षा यादीत थांबा, असे सांगून परवानगी नाकारली गेली. २००३ साली तिने फ्रान्समध्ये स्वखर्चाने शस्त्रक्रिया करून घेतली आणि पैसे मागितले. इंग्लंड तेव्हा संघात होते. १६ मे २००६ रोजी युरोपीय न्यायालयाने तत्त्व घालून दिले : केवळ यादीकडे बोट दाखवून नकार देता येणार नाही. त्या रुग्णाची वेदना आणि आजार वैद्यकीयदृष्ट्या तपासलाच पाहिजे. नकाराची कारणे दिली पाहिजेत आणि त्याविरुद्ध दाद मागता आली पाहिजे. २०१४ साली रुमानियातील हृदयरुग्ण महिलेच्या खटल्यात याच न्यायालयाने आणखी एक गोष्ट सांगितली. रुग्णालयात औषधे आणि प्राथमिक साहित्यच नसेल, तर ‘उपचार इथे उपलब्ध आहे’ असे म्हणता येत नाही.

युरोपात २०११ च्या निर्देशाने दुसरी वाटही उघडली. तिथे साधारणपणे आधी आपल्या खिशातून भरायचे आणि नंतर स्वदेशातील दराने परतावा घ्यायचा. आम्ही विचारतो, हातावर पोट असलेल्याने आधी भरायला पैसा आणायचा कुठून? ज्या हक्कासाठी आधी तिजोरी लागते, तो तिजोरीवाल्यांचाच हक्क असतो. म्हणून ‘एस-२’ची वाट गरिबाच्या अधिक जवळची आहे.

आपल्याकडचे काय? महात्मा फुले जन आरोग्य योजनेतही ठरवून करायच्या शस्त्रक्रियेला आधी मंजुरी लागते. ती नाकारली तर शेतमजुराच्या, सफाई कामगाराच्या हातात कारण लिहिलेला कागद पडतो का? की ‘बसत नाही’ एवढे तोंडी ऐकून त्याने घरी जायचे? पश्चिम बंग खेतमजूर समितीच्या खटल्यात १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने सरकारी रुग्णालयाने वेळेवर उपचार नाकारणे हा कलम २१ चा भंग ठरवला आणि पैशाची सबब मान्य केली नाही. ९ डिसेंबर १९४८ रोजी बाबासाहेबांनी संविधान सभेत दाद मागण्याच्या कलमाला, आजच्या कलम ३२ ला, संविधानाचा आत्मा म्हटले होते. दाद मागता येत नाही तो हक्क नव्हे, ती मेहेरबानी होय.

समाजबांधवांनो, अर्ज तोंडी करू नका. पोच घ्या. नकार लेखी मागा. दिला नाही तर २००५ चा माहिती अधिकार कायदा वापरा. आणि सरकारकडे आमची मागणी आहे की प्रत्येक नकार मराठीत, कारणासह, तारखेसह आणि अपील कुठे करायचे त्या पत्त्यासह दिला जावा. जयभीम!