हातकागदानंतर आता ध्वजखादी

हस्तव्यवसायाचे गुणगान करणे आणि त्याचा माल विकत घेणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे आपल्या राज्यकर्त्यांना पक्के ठाऊक आहे; म्हणूनच पहिली गोष्ट ते सढळपणे करतात. हातकागदाला हल्ली ‘कला’ म्हणतात. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात चिंध्या कुटून, लगदा चाळणीवर उचलून, वाळलेला ताव दगडाने घोटून तयार होणारा कागद एके काळी दप्तराचा रोजचा माल होता. महंमद तुघलकाने १३२७ साली राजधानी तेथे आणली तेव्हा हे कागजी आले, अशी परंपरा आहे. आज तोच ताव पर्यटकांच्या भेटवस्तूंत जातो.

हे यंत्राने केले, असे म्हणणे अर्धेच खरे आहे. १८५९ ते १८६६ या काळात भारतमंत्री असलेल्या सर चार्ल्स वुड यांच्या कारकिर्दीत, हिंदुस्थान सरकारला लागणारा कागद विलायतेतूनच घ्यावा असे ठरले. निजामी मुलखात तो हुकूम चालत नव्हता; परंतु ब्रिटिश मुलखातील कागजींचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक एका सहीने उठून गेले.

तशीच सही ३० डिसेंबर २०२१ रोजी दिल्लीत झाली. ध्वजसंहितेत दुरुस्ती होऊन यंत्रावर बनवलेल्या आणि पॉलिएस्टरच्या राष्ट्रध्वजास मुभा मिळाली. हा घाव थेट आपल्या दारात पडला आहे. नांदेडच्या मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीच्या उदगीर केंद्रात ध्वजाचे कापड हातमागावर विणले जाते. भारतीय मानकांतील पहिल्या क्रमांकाचे मानक याच ध्वजाचे, १९५१ सालचे. हातसूत आणि हातमाग ही त्याची अट होती. २०२२ च्या ऑगस्टात ‘हर घर तिरंगा’ची हाक आली, आणि हातखादीच्या ध्वजाला असलेली करमाफी पॉलिएस्टरच्या ध्वजालाही लागू असल्याचा खुलासा सरकारने केला. मागणी इतकी वाढली असता कातणारीच्या चरख्याला काम मिळायला हवे होते. ते पेट्रोरसायनाच्या कारखानदाराला मिळाले.

गरिबाला स्वस्त झेंडा नको काय, असा प्रश्न आपल्यातलेही काहीजण करतात. जरूर हवा. मग खादीच्या ध्वजावर अनुदान द्यायला कोणी हात धरले होते? कातणारी, विणकर आणि त्यांच्या गावचा दुकानदार यांच्यात फिरणारा पैसा कोणत्या हिशेबाने महाग ठरतो? (खादी संस्थांचा कारभार आदर्श आहे, असे मी म्हणत नाही, कातणाऱ्या बाईची मजुरी तुटपुंजीच आहे, आणि तो लढा वेगळा लढावा लागेल.)

याच मराठवाड्यात १९४७ साली हा झेंडा फडकवणे निजामी राजवटीचा गुन्हा होता. १५ ऑगस्टला स्वामी रामानंद तीर्थ तुरुंगात गेले. त्या झेंड्याचे सूत कोणी कातले, हाही तेव्हा राजकारणाचाच भाग होता.

कार्यकर्त्यांनी सत्काराचे नारळ आणि प्रदर्शनांच्या फिती बाजूला ठेवाव्यात. नांदेड व लातूरच्या जिल्हा परिषदा, नगरपालिका आणि शाळा यांनी ध्वज हातखादीचाच घ्यावा, असे ठराव ग्रामसभांतून मागावेत. आणि स्वामींचे नाव धारण करणाऱ्या नांदेडच्या विद्यापीठाला विचारावे, की तुमच्या पदवीपत्रांना कागजीपुऱ्याचा कागद का चालत नाही.