गुण असला की पुरे?

कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत शिफ्ट सुटताना चहाच्या गाड्यावर एक वाक्य हमखास कानावर पडतं: हातात कला असली की माणसाला कुणी अडवू शकत नाही. सुपरवायझर हे म्हणतात, ठेकेदार म्हणतात, आणि हेल्पर म्हणून हजेरी लागत असताना सीएनसी मशीन चालवणारी पोरंही म्हणतात. हे वाक्य खोटं आहे. किती खोटं, ते पालवणकर बाळूंच्या कारकिर्दीत दिसतं.

बाळू डावखुरे फिरकी गोलंदाज. धारवाडला चर्मकार कुटुंबात जन्मले, पुण्यात वाढले. युरोपियनांच्या पूना क्लबात महिना ४ रुपयांवर खेळपट्टी झाडणं, रोलर फिरवणं हे त्यांचं काम. सरावाला गोलंदाज हवा म्हणून साहेबांनी त्यांच्या हाती चेंडू दिला. बॅट साहेबांकडेच राहिली. पुढे पुण्याच्या हिंदू संघाने त्यांना घेतलं. मैदानात त्यांनी टाकलेला चेंडू सगळे झेलत. चहाची वेळ झाली की बाळूंचा चहा तंबूबाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात.

‘पण घेतलं ना संघात? गुण होता म्हणूनच ना?’ असं विचारणारे भेटतात. प्रश्न रास्त आहे, त्याला उत्तर दिलं पाहिजे. साहेबांना हरवायची हिंदू संघाला ओढ होती आणि बाळूंवाचून ते जमत नव्हतं. म्हणून चेंडूपुरतं दार उघडलं. १९०६ साली मुंबईत हिंदूंनी युरोपियनांना १०९ धावांनी हरवलं. १९११च्या भारतीय संघाच्या इंग्लंड दौऱ्यात बाळूंनी ११४ बळी घेतले. बहुतेक सामने हरणाऱ्या संघातून खेळताना! प्रथम श्रेणीचे ३३ सामने, १७९ बळी, सरासरी पंधराच्या आसपास. याहून गुण तो कोणता दाखवायचा? तरीही हिंदू संघाचं कर्णधारपद त्यांना कधी दिलं गेलं नाही. १९१३ साली कर्णधार झालेल्या एम. डी. पै यांनीच जाहीरपणे म्हटलं की, हा मान बाळूंचा होता.

दार हललं ते १९२० साली. बाळूंना वगळलं, कर्णधारपदासाठी त्यांच्या धाकट्या भावाचा, विठ्ठलचा हक्क डावलला, तेव्हा विठ्ठल आणि शिवराम या भावांनी संघातून अंग काढून घेतलं. वर्तमानपत्रांतून गाजावाजा झाला, निवडणारे नमले, बाळू उपकर्णधार झाले. १९२३ साली विठ्ठल कर्णधार झाला आणि हिंदू जिंकले. गुण १९१३ सालीही होताच. १९२० साली त्याच्या जोडीला नकार आला, आणि जाहीर दबाव आला.

हे कागलकरांना परक्यांनी सांगावं लागू नये. कागलच्या घाटगे घराण्यातून दत्तक गेलेल्या शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ रोजी करवीर संस्थानाच्या नोकऱ्यांत मागासलेल्यांसाठी निम्म्या जागा राखल्या. गुण आपोआप वर येतो अशी त्यांची समजूत असती, तर त्या हुकमाची गरजच नव्हती. विठ्ठल-शिवरामांनी नकार दिला त्याच वर्षी मार्चमध्ये, एमआयडीसीची ही वसाहत ज्या हातकणंगले तालुक्यातही पसरली आहे, तिथल्या माणगावात महाराज बाबासाहेबांच्या परिषदेला हजर राहिले.

म्हणून कारखानदारांना माझं मागणं आहे: हेल्परचा ऑपरेटर कोणत्या कसोटीवर आणि किती दिवसांत होतो, हे फाटकाजवळच्या फलकावर मराठीत लिहून लावा. आणि मशीनवरच्या पोरांनो, तो फलक लागेपर्यंत एकेकट्याने नको, सगळ्यांनी मिळून मागत राहा.